कुंपणाजवळचे नऊ कोंब

"वहिनी, नऊच ना? शंभर तर नाहीत! झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडता?"

"मूठ माझी नाही, भाऊजी. केंद्राची आहे."

"आणि पलीकडची मोहरी माझी आहे!"

धाकट्या दिराचा आवाज अंगणापर्यंत गेला. सासूबाईंनी दार लोटून घेतलं. भांडण घरचं, शेजारी कशाला वाटायचं?

भांडणाचं मूळ प्रयोगकेंद्रात होतं. तिथे नव्या जनुकाची मोहरी लावली होती, तणनाशक मारलं तरी न मरणारी. ती कशी वाढते हे बघायला मोठे साहेब होते. तिचे परागकण वाऱ्याने, मधमाश्यांनी कुठवर जातात आणि आजूबाजूच्या रानमोहरीत तो गुण उतरतो का, हे बघायचं काम मोजणीबाईचं, म्हणजे या वहिनीचं. केंद्रात तिला सगळे याच नावाने हाक मारत. निंदणीला लागलेली ही बाई चौदा वर्षांत मोजणीपर्यंत पोचली होती, आणि सवय अशी अंगात मुरली होती, की नवऱ्याने ताटात किती घास टाकले हे तिला पाठमोरी असतानाही कळे.

दर पन्नास पावलांवरच्या रानमोहरीचं बी ती ट्रेमध्ये रुजवी आणि कोंबांवर तणनाशक फवारी. सगळे मेले, की निश्चिंती. कुंपणाजवळच्या ट्रेमध्ये मात्र नऊ जगले होते. कुंपणाला लागूनच दिराची बियाण्याची मोहरी. पराग तिथवर आले असतील, तर त्याचं बियाणं शुद्ध म्हणून कुणी हातात धरणार नव्हतं.

"मी लिहून टाकलंय. शाईने," ती म्हणाली.

"घरातच वैरीण बाळगलीय आम्ही!"

"अरे, तणाला कळतं का मोजणारी कुणाची वहिनी ते?" सासूबाई म्हणाल्या.

नवरा मान खाली घालून जेवत होता. तो दोघांच्याही बाजूने होता, म्हणजे कुणाच्याच नव्हता.

सकाळी तिने प्रत्येक कोंबाचं पान चुरडून रसात तपासणीची पट्टी बुडवली. दोन रेघा उमटल्या तर गुण उतरला. पहिलीवर एकच. दुसरीवर एकच. नववी पट्टी तिने उजेडात धरली. तिथेही एकच. पट्टीच खराब नसेल ना, म्हणून प्रयोगाच्या मोहरीचं पान घेतलं, तर दोन ठसठशीत रेघा.

मग हे जगले कसे? ती ट्रेपाशी उकिडवी बसली. नऊच्या नऊ एकाच कोपऱ्यात, ट्रेचा नंबर लिहिलेल्या पाटीच्या मागे. पाटी फवारणीनंतर खोचायची, हा नियम. पण एकदा ट्रेंची अदलाबदल झाल्यापासून ती आधीच खोचून ठेवी, आणि तीही चांगली पंजाएवढी, कारण तिचं अक्षर मोठं. त्या आडोशाला फवारा पोचलाच नव्हता; बाकीच्या ट्रेंत पाटीमागे काही उगवलंच नव्हतं, म्हणून आजवर कळलं नाही.

भिंतीला पाठ टेकून ती एकटीच हसली. मग वहीत नऊच्या खाली लिहिलं : 'गुण नाही. चूक माझी.'

संध्याकाळी दिराने ऐकलं आणि थेट हात जोडले. "सुटलो! वहिनी, तुमच्या अक्षराने जीव घेतला असता माझा."

"अक्षरच होतं म्हणून वाचलास, पराग असते तर?" नवऱ्याला आता वाचा फुटली.

तिने पदराला हात पुसले.

"ऐका सगळ्यांनी. पाटी सगळ्याच ट्रेंना आधी खोचली होती, म्हणजे नियम सगळीकडे मोडला, तेव्हा सगळे ट्रे पुन्हा होणार. पुढचे सहा रविवार मी घरी नाही, स्वयंपाक ज्याचा त्याने बघायचा. आणि भाऊजी, यापुढे दर हंगामाला तुमच्या बांधावरची रानमोहरीसुद्धा मी मोजणार आहे."