एक फावडं पलीकडे

बर्फ पडून गेला की अमेरिकेतल्या डलुथ शहराची ती उतरती गल्ली इतकी शांत होई, की टेरी लाक्सोला आपलीच पावलं दुसऱ्या कुणाची तरी वाटत. वीस हिवाळे त्याचं काम हेच. बर्फ थांबून चोवीस तास झाले तरी ज्यानं घरापुढचा फुटपाथ मोकळा केला नाही, त्याच्या दारावर पालिकेची केशरी नोटीस अडकवायची. त्याला पाहिलं की लोक पडदे ओढून घेत.

आज मात्र मुदत संपायच्या अर्धा तास आधीच तो निघाला होता, आणि पाय जड झाले होते. टोकाच्या घरातला म्हातारा आर्ने कंबर धरल्यामुळे आठवडाभर अंथरुणात होता. मुलानं त्याला भर अंगणात बजावलं होतं, "बाबा, आणखी एक नोटीस आली की घर विकायचं आणि तुम्ही वृद्धाश्रमात." टेरीला हे ठाऊक होतं, नियमाला नव्हतं.

शेजारच्या इल्मीकडून काही आशा नव्हती. आपलं झालं की शेजाऱ्याच्या हद्दीत एक फावडं जास्त मारायचं, हा गल्लीचा रिवाज. पण बारा वर्षांपूर्वी आर्नेनं हद्दीवरचं बर्चचं झाड तोडलं, आणि तेव्हापासून इल्मीचं फावडं बरोबर हद्दीवर थांबे.

सरोवरावरून धुकं चढत होतं. टेरी त्यातून तरंगत आल्यासारखा आला आणि थबकला. आर्नेचा फुटपाथ लख्ख मोकळा होता. इल्मीचा मात्र गुडघाभर बर्फाखाली, आणि ती पायरीवर धापा टाकत बसलेली.

"बघतोस काय? दे नोटीस आणि नीघ."

"इल्मीकाकू, हे तुम्ही केलंत?"

"त्या झाडतोड्यासाठी? मी एक फावडं मारायला गेले. थांबायचं कुठं, ते कळलं नाही."

"अहो, पण माणूस आधी स्वतःचं करतो!"

"मला नोटीस आली तर कोण धाडणारंय वृद्धाश्रमात? मूल ना बाळ."

तेवढ्यात आर्नेचं दार करकरलं. काठी टेकत म्हातारा हद्दीपर्यंत आला, इल्मीच्या हातातलं फावडं त्यानं न विचारताच घेतलं, आणि पलीकडचा एक फावडंभर बर्फ उचलला. एकच. कंबरेनं तेवढीच मुभा दिली.

"वाकडं मारलंस," इल्मी म्हणाली आणि डोळे पुसू लागली.

टेरीनं नोटिसांचं पुस्तक खिशात घातलं आणि आर्नेच्या हातून फावडं घेतलं. मुदतीला अजून वीस मिनिटं होती.