यानाची गिरकी

सरांना शाल आवडायची. कुणी ती पांघरवली की ते मान किंचित पुढे करत, जणू नाइलाजाने ओझं घेताहेत. मोहालीच्या एका संशोधन संस्थेत मी त्यांच्या हाताखाली पीएचडी करत होते, त्यामुळे टाळ्या वाजवायला मी कायम हजर.

माझं काम सूर्यापासून फार दूर गेलेल्या एका जुन्या यानाच्या नोंदींवर होतं. ताऱ्यांमधल्या पोकळीतले अणू सूर्याच्या प्रदेशात निवांत शिरतात, कारण विद्युतभार नसलेल्याला चुंबकीय क्षेत्र विचारत नाही. एखादा इलेक्ट्रॉन गमावला की मात्र ते क्षेत्र त्यांना पकडतं, गरागरा फिरवतं आणि सौर वाऱ्याबरोबर फरपटत नेतं. या फरपटीतून क्षेत्रात बारीक तरंग उठतात. ते मला शोधायचे होते. अडचण अशी की तिथलं क्षेत्र इतकं क्षीण असतं, की यानाचं स्वतःचं चुंबकत्वच त्याहून भारी भरतं. ते मोजून वजा करता यावं म्हणून यानाला अधूनमधून स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लावतात. त्या वेळच्या नोंदींत एक सुरेख, गुळगुळीत लाट उमटते. ती यानाच्या फिरण्याची असते, बाहेरच्या अवकाशाशी तिचा काही संबंध नसतो. असे तुकडे वेचून काढण्यात माझा अख्खा हिवाळा गेला. मग काही तरंग हाती लागले. दिसायला मरतुकडे, पण खरे.

सरांनी ते परिषदेसाठी पाठवले, स्वतःच्या एकट्याच्या नावावर. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बेटा, साइंस में नाम नहीं देखते." त्यांच्या दारावरची नावाची पाटी पितळेची होती आणि रोज पुसली जायची.

पुढे एकदा त्यांनी बोलावलं. पडद्यावर मी काढून टाकलेला एक तुकडा होता. "इतनी सुंदर वेव, और तुमने काट दी?"

गिरक्यांबद्दल मी ग्रुप मीटिंगमध्ये सविस्तर सांगितलं होतं. तेव्हा सर फोनवर स्वतःच्या सत्काराचे फोटो मोठे करून बघत होते.

"सर, मैंने बताया था, उस वक्त यान..."

"डरती बहुत हो. सीनियर को सब पता होता है जी."

मी बरं म्हटलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

मोहालीशेजारच्या खरड गावातल्या फ्लॅटवर माझ्यासोबत माझी लातूरची मैत्रीण राहायची. ती चंदीगडला सेक्टर चौतीसच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायची.

"अगं, परत सांग की त्याला. तोंडावर आपटंल."

"तेच तर."

"लई वाईट आहेस तू."

"भाजीत मीठ घातलंस का?"

परिषद आमच्याच संस्थेत होती. दीप, गुच्छ, शाल झाली. सरांनी ती लाट पडद्यावर आणली आणि निसर्गाच्या परिपूर्णतेवर दोन शब्द बोलले, तेही बरेच लांबले. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला. या दिवशी यान गिरक्या घेत होतं का, एवढंच विचारलं.

दुसऱ्या रांगेत एक पाहुण्या शास्त्रज्ञ बाई होत्या. उभी हयात अशाच नोंदींत गेलेली. त्यांनी चष्मा सारखा केला, लाटेकडे पाहिलं, मग खाली बघून हसू आवरलं. ते हसू रांगेरांगेने मागे सरकत आलं.

सर माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ये सारा काम तो इसी का है."

हिवाळाभर मला हेच वाक्य हवं होतं.

"सर, आखिरी स्लाइड दिखाएंगे?" मी विचारलं.

सवयीने त्यांनी बटण दाबलंही. आभार. मान्यवर, जेवणाची समिती, आणि सगळ्यात खाली मी: आकृत्यांच्या रंगसंगतीसाठी साहाय्य. सभागृहाने ते शांतपणे वाचलं. मीही पुन्हा वाचलं, चवीने.

विद्यार्थ्यांनी बाहेर पोस्टर लावायची आमच्याकडे पद्धत होती. माझ्या पोस्टरवर सरांनी न वाचताच सही केली होती. त्यावर माझे मरतुकडे तरंग होते आणि नाव फक्त माझं. पाहुण्या बाई बराच वेळ वाचत उभ्या राहिल्या, मग त्यांच्यामागे आणखी लोक जमले.

समोसे आणि चहा पोस्टरच्या पलीकडे मांडले होते. सर शाल हातावर घेऊन आले, घोळक्यापाशी थबकले, वाट कुठून आहे ते पाहू लागले. मी जरा सरकले असते तर वाट झाली असती.

मी सरकले नाही.