तहानलेल्या गवताचं तेल

भट्टीवाल्या आत्या तीस वर्षं गवती चहाचं तेल काढत होत्या. कापणीआधी पंधरा दिवस त्या माळावरच्या गवताचं पाणी तोडत. धाकटा भाऊ कळवळायचा, "अगं ताई, मरेल ना ते!"

"मरत नाही रे, चिडतं. चिडलं की वास धरतं!"

एकदा तेल घेणाऱ्या कारखान्याचा तपासनीस आला. त्याने माळावरच्या तेलाचा डबा तपासून बाजूला सारला आणि कागदावर 'नापास' लिहिलं. "बाई, यात सिट्रल फार निघालं. लिंबाचा हा वास तुम्ही बाहेरून मिसळलाय. तुमच्याच विहिरीकाठच्या गवताचं तेल बघा, किती मवाळ आहे!"

भेसळीचा आळ! आत्यांचं डोकंच फिरलं. "बसा त्या स्टुलावर. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

त्यांनी त्याच्यादेखत विहिरीकाठचं सावलीतलं गवत एका भट्टीत कोंबलं, माळावरचं दुसरीत. "दोन्ही एकाच आईची लेकरं. एक लाडात वाढलं, एक उन्हात."

तपासनीस दोन तास वाफेत शिजला. मग आत्यांनी दोन ताज्या बाटल्या त्याच्या नाकाखाली धरल्या. सावलीतल्या तेलावर त्याने नुसती मान हलवली. माळावरच्या तेलाने मात्र त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं नि लागोपाठ तीन शिंका द्यायला लावल्या.

"आता सांगा, काय मिसळलं मी?"

"काहीच नाही हो," तो नाक पुसत उठू लागला.

"अहो, बसा! आधी तो 'नापास' खोडा, मग स्टूल सोडा."

त्याने बसूनच खोडला.