सासऱ्यांच्या खोलीतले टायर

आता बसा, चहा घ्या, आणि मधेच कुणी दात काढू नका. कारण मी अजून चिडलेलोच आहे! गाढवपणा माझाच होता, ते येईलच पुढे. पण आधी मला मनसोक्त भडकू द्या.

मी राहतो उइटहॉर्नला, इकडे डच मुलखात. माझी मोटरसायकल म्हणजे माझा जीव की प्राण. गेल्या ऑक्टोबरात तिच्यासाठी नवे टायर घेतले, थंडी सरली की बसवायचे म्हणून. एकदम मऊ रबराचे. दुकानदारानं बजावलं, "गोठू देऊ नका, तडकतील. ऊन नको, बॉयलरजवळ नको, मोटरजवळ नको, तेलाचा हात तर अजिबात नको." अरे, हे टायर आहेत की बाळंतीण?

ठेवायचे कुठे? बाहेरच्या शेडमध्ये ओल आणि गारठा. माळ्यावर बॉयलर आणि वॉशिंग मशीन. उरली मागची छोटी खोली. काळ्या पिशवीत घट्ट बांधले, कपाटात उभे केले. त्यात इंटरनेटवर कुणा दीडशहाण्यानं लिहिलेलं वाचलं, की ऊब ही रबराची वैरी. झालं! त्या खोलीचा हीटर मी जवळजवळ बंद करून टाकला.

आणि नेमके डिसेंबरात सासरे आले. नागपूरहून, पहिल्यांदाच, तीन महिन्यांसाठी. पाहुण्यांची खोली कुठली? तीच!

"टायर काढ तिथून," शिल्पा म्हणाली. शिल्पा म्हणजे आमच्या सौ.

"टायर आधी आलेत!"

हो, हे मी बोललो. काय बघताय?

आता आमच्या बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं सांगतो. रिटायर्ड हेडमास्तर. पण जावयाशी थेट बोलणं नाही, मान राखायचा! मीही त्यांना काही थेट बोलत नाही. सगळं टपाल शिल्पामार्फत. मी शेजारच्याच खुर्चीत बसलेलो, तरी तिला म्हणणार, "जावईबापूंना विचार, चहा घेतात का?"

दुसऱ्याच दिवशी बघतो तर काय, खोलीतला हीटर चालू! खोली उबदार! माझं डोकंच फिरलं. पण सासऱ्यांना बोलणार कसं? म्हणून स्वयंपाकघरात जाऊन बायकोवर ओरडलो.

"या घरात माझी एक वस्तू धड राहू देऊ नका! कुणी वाढवला हीटर? वाट लावायची आहे का माझ्या टायरची?"

"हळू बोल रे, बाबा ऐकतील."

"ऐकू देत!"

अहो, ऐकावं म्हणूनच तर बोंबलत होतो!

त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून हीटर पार शून्यावर. मी खूश. रोज संध्याकाळी आत जायचो, कपाट उघडायचो, पिशवीवरून हात फिरवायचो. आणि पलंगावर बाबा बसलेले. दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला माकडटोपी.

"बाबांना विचार, बरं आहे ना सगळं?" मी दारात उभ्या शिल्पाला म्हणालो.

"शिल्पा, जावईबापूंना सांग, एकदम मजेत आहे."

आणि मी ते खरं मानलं! म्हणजे बघा अक्कल!

आठवड्याभरात बाबा खोकायला लागले, मग ताप. शिल्पा सकाळी खोलीत गेली आणि किंचाळलीच. खिडकी सताड उघडी!

"बाबा, अहो हे काय?"

"अगं, जावईबापू फोनवर कुणाला तरी सांगत होते, टायरला हवा खेळती लागते. म्हणून रात्री उघडून ठेवतो."

शिल्पानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तिच्यावरच चिडलो. "मला विचारायचं नाही का आधी!"

"ओरड, अजून ओरड," ती म्हणाली. "बाबा तिकीट बदलायचं म्हणतायत. जावईबापूंना आपली अडचण होते म्हणाले. वर्षभर येणार येणार म्हणून गावभर सांगत होते रे ते." आणि रडायला लागली.

गेलो तिघं आमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथली आपली फॅमिली डॉक्टर. इथं मरायला टेकलात तरी पॅरासिटामॉल देतात, ते तुम्हाला माहीतच आहे. बाईंनी छाती तपासली आणि विचारलं, "झोपतात ती खोली उबदार आहे ना?"

मी शिल्पाला मराठीत म्हणालो, बाबांना विचार. बाबा शिल्पाकडे वळले. "डॉक्टरीणबाईंना सांग, खोली थंडच ठेवावी लागते. कपाटात जावईबापूंचे टायर आहेत. त्यांना ऊब सोसत नाही."

शिल्पानं हाताची घडी घातली. "कर ना भाषांतर. तुझं डच चांगलं आहे."

केलं! काय करता? शब्दन् शब्द सांगितला. घाम फुटला होता मला, तोही त्या थंडीत.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कुठले टायर?" माझं नशीबच फुटकं, बाई स्वतः मोटरसायकलवाल्या निघाल्या! मी नाव सांगितलं. "तेच माझ्याकडेही आहेत," त्या म्हणाल्या. "हॉलमध्ये, सोफ्यामागे. वीस डिग्रीत त्यांना काहीही होत नाही. गोठले नाहीत म्हणजे झालं."

मग पॅरासिटामॉल लिहून दिली, खिडकी बंद, खोली वीस डिग्री. "पेशंट आणि टायर, दोघांसाठी," असंही म्हणाल्या.

घरी आल्या आल्या हीटर वाढवला, टायर उचलून आमच्या बेडरूममध्ये नेले, आल्याचा काढा केला. राग तर इतका आलेला स्वतःचा, की विचारू नका. बाबांच्या पायाशी बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोललो.

"बाबा, चुकलो. टायर गेले खड्ड्यात. तुम्ही जाऊ नका."

बाबांनी काढ्याचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. मग हळूच शिल्पाकडे मान वळवली.

"शिल्पा, जावईबापूंना सांग, मी राहतो. मला आता बरं वाटतंय. आणि त्यांना विचार, टायरची तब्येत कशी आहे?"