पैका बाईच्या हातात

क्रांतीला किळस आली ती गुंडामुळे. तसा गुंडा बिचारा साधा माणूस, जत तालुक्यातल्या एका वाडीत मेंढरं राखून साठीला आलेला. क्रांतीही त्याच वाडीची, मेंढपाळाच्याच घरची. सांगलीला विश्रामबागेत खोली घेऊन तिने बी.ए. केलं आणि आता इंग्लंडात अर्थशास्त्रात एम.एस्सी. करत होती. प्रबंधासाठी तिने आपल्याच लोकांचा व्यवहार निवडला होता. पावसाळा सरला की वाडीचे कळप कृष्णाकाठी उसाच्या मुलखात उतरतात. तिथले शेतकरी खतासाठी मेंढरं रानात बसवून घेतात आणि मोबदला देतात. तो ठरवतं कोण आणि पडतो कुणाच्या हातात, एवढंच तिला विचारायचं होतं. प्रबंध चांगला उतरला तर तिकडेच पीएच.डी.ला घेणार होते, नाहीतर गाशा गुंडाळून परत यायचं होतं.

गुंडाने छातीठोकपणे सांगितलं, "बाप्या-बाई मिळून ठरवतो आमी. पैका बाईच्या हातात."

गुंडाची बायको वारली तेव्हा क्रांती बालवाडीत होती.

तिने आधीची उत्तरं पुन्हा वाचली. घरोघर तेच वाक्य, शब्दाला शब्द. आणि या वाक्यावर ती इतके दिवस हुरळून गेली होती. इंग्लंडातल्या मार्गदर्शक बाईंनाही तिने मोठ्या ऐटीत ते कळवलं होतं, त्याही खूश झाल्या होत्या. आता त्याच वाक्याची तिला किळस आली.

ती तडक पारावर गेली. तिथे तिचा चुलता अर्जुना बसला होता. बाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं.

"काका, लोकांना काय पढवून ठेवलंय तुमी?"

"पढवलं न्हाई, नुस्तं सांगितलं. पोरीची परदेशात परीक्षा हाय, उलटसुलट बोललासा तर नापास व्हईल. तिकडं बायकांचा कारभार लय आवडतो म्हणं. मग तसं बोला म्हटलं."

"ही काय दहावी हाय व्हय?"

"दहावीला गणिताच्या पेपराला खिडकीला कोण चढलं हुतं? तवा न्हाई तुला घाण वाटली."

नव्हतीच वाटली. चिठ्ठी उलगडून तिने गुमान गणितं उतरवली होती. आपल्याकडे पोरावर माया असली की माणूस खिडकीला चढतो, खाली उभा हवालदार दुसरीकडे बघतो, आणि निकालाला सगळे मिळून पेढे खातात. कुणाच्या घशात अडकत नाही. यंदा अख्खी वाडी खिडकीला चढली होती, एवढाच काय तो फरक.

त्याच दुपारी तिने मार्गदर्शक बाईंना फोनवर सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. निष्कर्ष फार देखणा आहे, म्हणाल्या, आणि विधुर तर एकच आहे, त्याला वगळून टाक. अत्यंत सुसंस्कृत इंग्रजीत म्हणाल्या. खिडकी तीच, काचा तेवढ्या पुसलेल्या. क्रांतीने फोन ठेवला आणि नळाखाली तोंड धुतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेजारच्या बयाबाईकडे गेली. बयाबाई एकटीच मेंढरांची जागा झाडत होती.

"आत्ती, मागं सांगितलंस ते सोड. खरं काय ते सांग."

बयाबाईने झाडणं थांबवलं. "खरं सांगितल्यावर नापास न्हाई न्हवं व्हणार तू?"

"झाले तर झाले."

"बोलणी तुझा चुलता करतो. शेतकऱ्याकडनं पैका घेतो, आपला वाटा काढतो आन् उरलेला बाप्यांच्या हातावर ठेवतो. किती घेतला, किती काढला, कुणी इचारायचं न्हाई. आमच्या हातात लेंड्या."

एवढं बोलून ती पुन्हा झाडायला लागली. क्रांतीला वाटलं, उठावं आणि पारावर जाऊन चुलत्याला चारचौघांत सोलून काढावं. पोरीच्या मायेपोटी म्हणे, आणि तिच्याच प्रबंधात आपला वाटा झाकून घेतला.

दुपारी अर्जुनाने तिच्यासाठी बोकड कापला होता. ताटं वाढली. दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "काका, मी सगळी उत्तरं फेकून दिली. आता तुमच्या वाट्यावर लिवणार हाय."

अर्जुना चिडला नाही. त्याने तिच्या ताटात मटणाची आणखी एक फोड टाकली.

"लिव की. फकस्त तुझी विश्रामबागेची खोली आन् ते इमानाचं तिकीट कशातनं आलं, ते बी लिव."

क्रांतीचा घास तोंडातच राहिला. चुलत्याची किळस आली, बाईंची आली, वाडीची आली. आणि ज्याची किळस करायची ते तर इतकी वर्षं तिच्याच पोटात जात होतं. तिने तो घास कसाबसा गिळला.

"ते बी लिवणार," ती म्हणाली, आणि ताट बाजूला सारून हात धुवायला उठली.