दक्षिणमुखी उजेड

निघताना अक्का खिडकीशी बसली होती. "वही घेतलीस?" तिने विचारले.

"घेतली."

"आणि तोंड?"

मी चपला घातल्या. दुकानात माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, हे माझ्या थोरल्या बहिणीला साठ वर्षांपासून ठाऊक आहे.

सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांपासून खडकवासल्याच्या पुढची आमची ती एक खोली फार तर पंचवीस किलोमीटरवर असेल. दोघी नोकरीत असताना आम्ही ती घेतली. निवृत्त झाल्यावर तिथे राहायचे आणि संध्याकाळी पडवीत बसून एकीने वाचायचे, दुसरीने ऐकायचे, असा बेत होता. खोलीपर्यंत विजेची तार कधी आली नाही आणि दरम्यान अक्काची नजर मंदावली. दिवेलागणीनंतर तिला वस्तूंच्या कडा दिसत नाहीत. पुढच्या वर्षी दिव्याचा उजेडही पुरेल की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. यंदा दिवाळीत ती म्हणाली, "उजेड असेल तर येईन. अंधारात बसवणार असशील तर घर बरे." तेव्हापासून, जन्मभर संस्कृत शिकवलेली मी, सहासष्टाव्या वर्षी वॅट आणि अँपिअर शिकते आहे.

पहिला मुक्काम तपकीर गल्ली. दोन्ही बाजूंना वायरींची भेंडोळी, बल्बांच्या माळा, आणि मधल्या फटीतून वाट काढणाऱ्या स्कूटर. तांबोळींच्या दुकानासमोर मी तीन गिऱ्हाइके पुढे जाऊ दिली. शेवटी त्यांनीच चष्म्यावरून पाहिले. तोंडी परीक्षेला बसल्यासारखे मी पाठ केलेले वाक्य म्हटले, "मला विद्युत्घटासह एक लघु सौरसंच हवा आहे."

"बॅटरी म्हणा बाई. आम्हाला मराठी कळतं."

त्यांनी माझी वही स्वतःकडे फिरवली. नऊ वॅटचे दोन दिवे, रोज पाच तास. तीस वॅटचा एक पंखा, आठ तास. "दिव्यांना नव्वद लागणार आणि पंख्याला दोनशे चाळीस. कुणासाठी आहे पंखा?"

"पाहुणे आले तर."

"उजेड तुमचा आणि बॅटरी पाहुण्यांची, असं झालं हे. आणि दोन दिवस ढग आले तर?"

"ते मी धरले नाहीत."

"ढग कुणालाच धरता येत नाहीत. बॅटरी मोठी धरता येते." मग मात्र थट्टा बाजूला ठेवून त्यांनी समजावले: बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, नाहीतर ती लवकर मरते, आणि पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळे पॅनेल रुसते. बोलता बोलता त्यांचे बोट माझ्या आकृतीवर थांबले. "हे कुठल्या दिशेला लावलंय?"

"पूर्वेला."

"का?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. खोलीचे दार पूर्वेला, तुळस पूर्वेला, म्हणून पत्र्याच्या पूर्वेकडच्या उतारावर मी पॅनेल काढले होते. सूर्याला अर्घ्य पूर्वेकडे तोंड करून देतात. त्याच्याकडून काही घ्यायचे तर तसेच उभे राहावे, इतके ते मला साधे वाटले होते.

"मग दुपारनंतर बॅटरीनं काय करायचं? वामकुक्षी?" तांबोळी म्हणाले. "तोंड दक्षिणेला हवं. थंडीत तर सूर्य दिवसभर त्याच अंगानं जातो."

"दक्षिण म्हटले की घरी थोडी अडचण आहे," मी पुटपुटले.

"तुमच्या पेठांतच दक्षिणमुखी मारुती आहे. इतक्या वर्षांत कुणी त्याला फिरवून ठेवलेला नाही." वही त्यांनी परत दिली. "आधी जागेवर जाऊन सावली बघा. तोवर मी काही विकत नाही."

कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात उभ्याने चहा घेऊन मी स्वारगेटहून बस धरली. धरणाचे पाणी दिसू लागले तोवर गर्दीने मला मागे ढकलले होते आणि आमचा थांबा आला तेव्हा "थांबवा" हा शब्द इतक्या हळू म्हटला की तो मलाच ऐकू आला. पुढच्या थांब्यावर उतरून मागे चालत आले. उजवीकडे सिंहगड स्वच्छ दिसत होता. ही वाट अक्काबरोबर चालून किती वर्षे झाली, ते मोजायचे मी टाळले.

खोलीची किल्ली शेजारच्या हौसाबाईंकडे असते. मी अंगणात उभी राहून पत्र्याकडे पाहत होते. दीडच्या सुमारास पश्चिमेकडच्या आंब्याची सावली पत्र्यावर चढली आणि माझ्या आकृतीत पॅनेल जिथे होते, नेमकी तिथे येऊन बसली.

"काय बगताय, ताई?" हौसाबाईंनी विचारले.

"दिवसभर ऊन कुठे राहते, ते."

"मग वर काय बगताय? माज्या शेंगा कुटं हाईत ते बगा की."

खोलीच्या दक्षिणेला त्यांचे खळे आहे (धान्य झोडपायची, वाळवायची सारवलेली जागा). त्यावर भुईमुगाच्या शेंगा पसरल्या होत्या. "जरा सावलीत ऱ्हायल्या की बुरशी धरती," त्या म्हणाल्या. "सासूनं दावलेली जागा हाय ही."

त्यांनी दिलेली भाकरी आणि घेवड्याची भाजी खाऊन मी चारपर्यंत खळ्याच्या कडेला बसले. सावली आली नाही. इथे लोखंडी घोडीवर पॅनेल उभे करू का, हे विचारायला मला आणखी थोडा वेळ लागला.

"तुमचीच समजा जागा. शेंगा सरकवीन जरा. मोठ्या ताई येनार व्हय?"

"उजेड झाला तर."

"या म्हनावं. लई दिस झालं."

परतीच्या बसमध्ये आईची आठवण येत राहिली. दक्षिणेकडे पाय करून ती आम्हाला निजू देत नसे, त्या दिशेला तोंड करून जेवू देत नसे. फक्त धनत्रयोदशीला स्वतः कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे वळवायची. घरातल्या कुणाला अकाली मरण येऊ नये म्हणून यमासाठी लावलेला दिवा. आईचे नेम अक्कानेच पुढे चालवले आहेत. इतकी जवळ आलेली पडवीतली संध्याकाळ एका दिशेपायी निसटेल, ही भीती घेऊन मी जिना चढले.

अक्का टेबलाची कड चाचपत खुर्चीकडे येत होती. मी सगळे सांगितले, शेंगांचेही. दक्षिण शेवटी सांगितली.

ती खुर्चीत बसली. "जन्मभर पूर्वेला तोंड करून जेवलो," मग म्हणाली, "काय मोठं झालं?"

"आईला चाललं नसतं."

"आई दक्षिणेला दिवा वर्षातून एकदा लावायची. तुझा रोज लागणार. तिला जास्तच चालेल." तिने हात पुढे करून वही चाचपली. "मध्येच विझणार नाही ना?"

"ढगाळ दोन दिवस धरले आहेत."

"पडवीच्या पायऱ्या किती आहेत गं? मला आठवत नाहीत."

"चार."

"मग तिथेही एक दिवा हवा."

मी पंखा खोडला आणि त्याच्या जागी तिसरा दिवा लिहिला.