पांढरी राहिलेली पट्टी

आमच्या मॅडमनी चंद्रपूरच्या कॉलेजात, एका फ्रीजच्या आणि स्वतःच्या हट्टाच्या जोरावर, एक बायोसेन्सर बनवला होता. बोटाएवढी कागदाची पट्टी, तिच्यावर वाळवलेलं एन्झाइम. पाणी चांगलं असेल तर पट्टी निळी होते. पाण्यात फवारणीचं औषध असेल तर एन्झाइम मरतं आणि पट्टी पांढरीच राहते. मी त्यांची विद्यार्थिनी. माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, तलावाच्या काठावर. आई आणि आमच्या ढिवर समाजाच्या बायका त्या तलावातले मासे आठवडी बाजारात विकतात. धानावर फवारणी झाली की बांधीतलं, म्हणजे शेतातलं, पाणी तलावात उतरतं. गावात पट्टी मीच नेणार, हे मी कुणाला न विचारताच ठरवून टाकलं होतं.

मॅडमनी बजावलं होतं, आधी एक पट्टी शुद्ध पाण्यात बुडवून निळी होते का बघ, मगच तलावात घाल. उष्णतेनंही एन्झाइम मरतं, म्हणून पट्ट्या बर्फाच्या थर्मासमध्ये होत्या. मूल गावाच्या पुढे एसटी बंद पडली. ऑक्टोबरचं ऊन. बर्फाचं पाणी झालं आणि शुद्ध पाण्याची बाटली मी तहानेपोटी पिऊन टाकली. गावात हापशीचं पाणी घेता आलं असतं. पण काठावर बायका जमल्या होत्या आणि मला शहाणपण मिरवायचं होतं.

पट्टी तलावात बुडवली. पांढरी. दुसरी, तीही पांढरी. मी सांगितलं, पाण्यात औषध आहे, मासे विकू नका.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मासोया तं जित्त्या हायेत नं बाई."

आईनं टोपली खाली ठेवली. "माही पोरगी शिकली हाये. ते म्हणते तं खरंच असन."

तिच्या शब्दावर त्या दिवशीचे सगळे मासे खड्ड्यात गेले.

दोन दिवसांनी मॅडमनी माझ्याकडची उरलेली पट्टी शुद्ध पाण्यात बुडवली. पांढरीच. पट्ट्या बसमध्येच मेल्या होत्या. मी आणलेल्या तलावाच्या पाण्यात ताजी पट्टी मात्र निळी झाली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मॅडम रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जा, गावात सांगून ये."

मी जाऊन सांगितलं. पण बाजारात बातमी आधीच पोचली होती. हंगामभर आमच्या तलावाच्या माशांना कुणी हात लावेना. बायका मला काही बोलल्या नाहीत. आईला मात्र त्यांनी जाळं ओढायला हाक मारणं बंद केलं. ते दिवस आठवले की मला अजून स्वतःची चीड येते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. साखरेत वाळवलेलं एन्झाइम ऊन सोसतं, हे मॅडमनी शोधलं. पट्टी जिवंत आहे का ते आधी तपासायला प्रत्येक पट्टीवर दुसरा चौकोन आणि सोबत शुद्ध पाण्याची पुडी, हे मी सुचवलं. शोधनिबंधात ते एका ओळीत आलं. ती ओळ कशी सुचली, हे तिथं लिहायची सोय नसते.

पुढच्या वर्षी फवारणीनंतर मी सकाळीच तलावावर गेले. शुद्ध पाण्याचा चौकोन निळा झाला. तलावाचा पांढरा. तीन पट्ट्या वापरल्या, तिन्ही तशाच. तालुक्याच्या कचेरीत फोन केला, तर साहेब उद्या येतील म्हणाले.

बायका जाळं घेऊन आल्या. यंदा त्यांनी आईला पुन्हा सोबत घेतलं होतं. मी सांगितलं ते कुणी थांबून ऐकलंसुद्धा नाही. आई तेवढी मागं राहिली. तिनं पट्टी हातात घेऊन नीट बघितली.

"खरं हाये काय?"

"खरं हाये, आई."

"असन. पण मले इथीच राहाचं हाये." आणि ती पाण्यात उतरली.

बाजारात मी थोड्या अंतरावर उभी राहिले. बायका रांगेत बसल्या होत्या, आई मधोमध. शेजारच्या टोपल्या भराभर रिकाम्या होत होत्या. आईपाशी गिऱ्हाईक थांबलं की ती ओल्या फडक्यानं टोपली झाकायची आणि हळूच म्हणायची, "ह्या विकल्या गेल्या, भाऊ." संध्याकाळपर्यंत तिनं एकही मासोळी विकली नाही. मला सगळ्यांना ओरडून सांगायचं होतं. पण तिला त्या रांगेत बसलेलं बघितलं आणि माझं तोंड उघडलं नाही.